माद्रिद, जुलै १८५४ : रिवासच्या ड्यूकचं दोन दिवसांचं सरकार

स्पेनची राणी इसाबेल दुसरी हिने १८ जुलै १८५४ रोजी ज्या माणसाला पंतप्रधान केलं, त्याला तिच्याच बापाच्या राजवटीत मृत्युदंड झाला होता. गुन्हा एवढाच की, राजाला बाजूला सारण्याच्या ठरावाला त्याने संसदेत हात वर केला होता. एकतीस वर्षांनी हाच माणूस राजवाड्याच्या बाजूने उभा होता आणि त्याच्या सरकारचं सैन्य राजधानीच्या रस्त्यांवर गोळ्या झाडत होतं. सरकार जेमतेम दोन दिवस टिकलं. तोफेतून उडणाऱ्या छर्ऱ्यांवरून लोकांनी त्याचं बारसं केलं : 'छर्ऱ्यांचं मंत्रिमंडळ'.

माणसाचं नाव आंखेल दे साआवेद्रा, रिवासचा तिसरा ड्यूक. साहित्याचे लोक त्याला नाटककार म्हणून ओळखतात. राजकीय इतिहासात त्याच्या पंतप्रधानकीला एखादी ओळ मिळते, तीही चेष्टेची. त्या चेष्टेने एक प्रश्न मात्र झाकला जातो. हा माणूस अनुभवी होता, दोन्ही गोटांत त्याचे जुने संबंध होते, मंत्रिमंडळात विरोधी पक्षाची माणसंही होती. तरी सगळं अठ्ठेचाळीस तासांत कसं कोसळलं?

अकरा जखमा आणि एक मत

जन्म कोर्दोबा शहरातला, १७९१चा. घराणं मोठं, पण हा धाकटा. ड्यूकपद थोरल्याचं आणि धाकट्याने तलवार धरायची, अशी त्या घरांची रीत. तो राजाच्या अंगरक्षक दलात गेला. नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये शिरल्यावर लढाईत उतरला. १८ नोव्हेंबर १८०९ रोजी, ओकान्याच्या मोठ्या लढाईच्या आदल्या दिवशी, घोडदळाच्या चकमकीत त्याला अकरा जखमा झाल्या. अठरा वर्षांचा हा पोरगा मेलेल्यांत जमा होता. एका साध्या शिपायाने त्याला घोड्यावर घालून तिथून बाहेर काढलं. पुढे त्याने स्वतःच त्या अकरा जखमांवर कविता केली.

बरा झाल्यावर तो कादिसला पोहोचला. फ्रेंचांच्या वेढ्यात असलेल्या त्याच बंदरात १८१२ची उदारमतवादी राज्यघटना जाहीर झाली. लष्कराच्या मुख्य कचेरीत काम, तिथल्या नियतकालिकाचं लेखन-संपादन आणि संध्याकाळी कवी-पुढाऱ्यांची बैठक, असा त्याचा दिवस. राजकारण त्याला इथे लागलं. राजा फर्डिनांड सातवा १८१४ मध्ये परत आला आणि त्याने ती घटना केराच्या टोपलीत टाकली. १८२० मध्ये रिएगो या अधिकाऱ्याने बंड करून राजाला ती पुन्हा मानायला लावली. रिएगोच्या तुकडीसाठी एक गाणं लिहिलं गेलं आणि ते 'रिएगोचं गीत' म्हणून देशभर गाजलं. लिहिणारा त्याच तुकडीतला अधिकारी, एवारिस्तो सान मिगेल. हे नाव लक्षात ठेवा. तोही सैनिक, लेखक आणि राजकारणी, आणि या प्रकरणातली दुसरी बाजू त्याचीच आहे.

साआवेद्रा १८२२ मध्ये संसदेत आला. त्याच वर्षी सान मिगेल परराष्ट्रमंत्री झाला. दोघे एकाच गोटातले म्हणायला हरकत नाही. १८२३ मध्ये फ्रान्सने राजाला निरंकुश सत्ता परत मिळवून देण्यासाठी फौज धाडली. संसद माद्रिद सोडून सेव्हिलला गेली, तिथून कादिसला जायचं ठरलं आणि राजा अडून बसला. तेव्हा ११ जून १८२३ रोजी साआवेद्राचा मित्र आल्काला गालिआनो याने सुचवलं, की राजाचं डोकं तात्पुरतं ठिकाणावर नाही असं मानून प्रवासापुरतं राजप्रतिनिधी मंडळ नेमावं. साआवेद्राने बाजूने मत दिलं. चार दिवसांत कादिसला पोहोचल्यावर राजाचे अधिकार परतही दिले गेले, पण राजाने ते चार दिवस विसरले नाहीत. फ्रेंचांनी त्याला सोडवताच शिक्षा जाहीर झाल्या. साआवेद्राला मृत्युदंड, शिवाय मालमत्ता जप्त.

तो जिब्राल्टरमार्गे लंडनला निसटला. नंतर इटलीत स्थिरावू पाहत होता, पण पोपच्या राज्यात थारा मिळाला नाही, म्हणून माल्टा. तिथे पाच वर्षं गेली. माल्टात जॉन हुकम फ्रियर नावाचा निवृत्त ब्रिटिश मुत्सद्दी राहत होता, जुन्या स्पॅनिश काव्याचा पक्का जाणकार. त्याने साआवेद्राला आपल्या भाषेच्या मध्ययुगीन कथांकडे वळवलं. (मुंबईच्या कोटाच्या भिंती ज्याच्या कारकिर्दीत पाडल्या गेल्या, तो गव्हर्नर बार्टल फ्रियर याच जॉन फ्रियरचा पुतण्या.) १८३० नंतर फ्रान्समध्ये पोट भरायला त्याने चित्रकला शिकवली, लोकांची चित्रं काढून विकली. १८३२च्या ऑक्टोबरात स्पेनमध्ये माफी जाहीर झाली, पण सेव्हिलच्या ठरावाला मत देणारे त्यातून वगळले होते. राजा मेल्यावर त्याची विधवा मारिया क्रिस्तिना राज्य सांभाळू लागली आणि माफीचा दरवाजा यांच्यासाठीही उघडला. १८३४च्या सुरुवातीला तो परतला. त्याच वर्षी थोरला भाऊ निपुत्रिक वारला आणि कालचा निर्वासित आज ड्यूक झाला.

१८३६ : रस्त्याची पहिली ओळख

मार्च १८३५ मध्ये त्याचं 'डॉन आल्वारो' हे नाटक माद्रिदला रंगभूमीवर आलं आणि स्पॅनिश नाटकाची जुनी चौकट मोडली. नाटकाच्या उपशीर्षकात नियतीचा जोर आहे. त्यामुळे रिवासवर लिहिणाऱ्याला त्याच्या राजकारणातही नियती शोधायचा मोह होतो. मला तो सोपा रस्ता वाटतो. त्याच्या राजकारणात निर्णय होते, आणि ते मोजता येतात.

पहिला मोठा निर्णय मे १८३६चा. पंतप्रधान इस्तुरिसच्या मंत्रिमंडळात तो गृहमंत्री झाला. सोबत आल्काला गालिआनोही होता. पुरोगामी पक्षाच्या नजरेत ही उघड गद्दारी होती : काल १८१२च्या घटनेसाठी वनवास भोगणारे आज तिच्याहून सौम्य घटना मागत होते. रिवासची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. लंडन-पॅरिसमध्ये दहा वर्षं काढून परतलेल्यांना वरचं सभागृह, मर्यादित मताधिकार आणि राजाचा ठळक अधिकार असलेली व्यवस्था टिकाऊ वाटू लागली होती. पण बदल लोकांना समजावून सांगायला सवड मिळालीच नाही. ऑगस्टमध्ये ला ग्रांखाच्या राजवाड्यात सार्जंटांनी बंड केलं आणि मारिया क्रिस्तिनाला १८१२ची घटना पुन्हा मान्य करायला लावली. माद्रिदचा लष्करप्रमुख जनरल केसादा पळून जाताना सापडला. जमावाने त्याला ठार केलं.

रिवास लपला, मग देशाबाहेर पडला. एकदा राजाने हाकललं होतं, आता राजाच्या विरोधकांनी. ज्या घटनेपायी पहिला वनवास, तिच्याच पुनरागमनामुळे दुसरा. वर्षभराने तो परतला, पण केसादाचा शेवट त्या पिढीच्या मंत्र्यांच्या मनातून कधी गेला नसावा. १८५४चं वागणं समजून घ्यायचं तर ही आठवण हाताशी ठेवावी लागते.

पुढची वर्षं भरभराटीची. १८४४ पासून १८५० पर्यंत तो नेपल्सला स्पेनचा प्रतिनिधी होता. तिथे त्याने एक इतिहासग्रंथ लिहिला, १८४८ मध्ये प्रसिद्ध केलेला. विषय होता १६४७चा नेपल्समधला उठाव : फळांवरच्या करावरून पेटलेलं शहर, मासानिएलो नावाचा मासळी विकणारा पुढारी, आणि सवलती जाहीर करत करत शहर हातचं घालवणारा स्पॅनिश व्हाइसरॉय. शहर कसं पेटतं, सरकारचा शब्द कोणत्या क्षणी कवडीमोल होतो, हे या माणसाने कागदपत्रं चाळून लिहिलं होतं. सहा वर्षांनी तीच परीक्षा त्याच्यापुढे आली.

जुलैचे दिवस

सप्टेंबर १८५३ पासून सार्तोरियुस पंतप्रधान होता. रेल्वेच्या परवान्यांतून कोण किती खातंय, याची माद्रिदभर चर्चा होती. राणीची आई मारिया क्रिस्तिना, तिचा दुसरा नवरा आणि सालामांका हा बडा भांडवलदार, ही नावं चहाटळ गप्पांतही होती आणि संसदेतल्या भाषणांतही. डिसेंबरात सिनेटने रेल्वेच्या प्रश्नावर सरकारला १०५ विरुद्ध ६९ मतांनी हरवलं. सार्तोरियुसने राजीनामा देण्याऐवजी संसदच गुंडाळून ठेवली आणि नको असलेल्या सेनापतींना राजधानीबाहेर पाठवण्याचे हुकूम काढले. मे १८५४ मध्ये सहा महिन्यांचा कर आगाऊ भरा असं फर्मान निघालं. सुखवस्तू माणूसही मग सरकारच्या विरोधात गेला.

राजधानीबाहेर जायच्या हुकुमाला न जुमानता जनरल ओदोनेल माद्रिदमध्येच लपून बसला होता. २८ जूनला घोडदळाच्या प्रमुखाला सोबत घेऊन त्याने बंड केलं. ३० जूनला माद्रिदजवळच्या विकाल्वारोला सरकारी फौजेशी गाठ पडली, पण निकाल लागला नाही, आणि बंडखोर दक्षिणेकडे सरकले. बंड मोडल्यातच जमा होतं. त्यात जीव आला तो ७ जुलैच्या मान्सानारेस जाहीरनाम्याने. लिहिणारा कानोवास देल कास्तियो, वय वर्षं २६, पुढे अनेकदा पंतप्रधान झालेला. सिंहासन राहो, पण भोवतालचं टोळकं जावो. कर कमी करा. नागरी सेना, म्हणजे नागरिकांची सशस्त्र दलं, परत आणा, अशा त्याच्या मागण्या. सेनापतींचं भांडण एका कागदाने शहरांचं झालं. बार्सेलोना उठलं, वायादोलिद उठलं. सरकारचा युद्धमंत्री तर मोठी फौज घेऊन ओदोनेलच्या मागे दक्षिणेला गेला होता, म्हणजे राजधानीत शिबंदी तुटपुंजी.

१७ जुलै, सोमवार. माद्रिदमध्ये बैलझुंजीचा दिवस. सार्तोरियुस गेल्याची बातमी आखाड्यात पोहोचली आणि प्रेक्षकांनी बँडवाल्यांकडे रिएगोच्या गीताची फर्माईश केली. बँडने ते वाजवलं. गर्दी तिथून उठली ती घरी गेलीच नाही. रात्री सार्तोरियुसचं घर, सालामांकाचं घर, मारिया क्रिस्तिनाचा वाडा अशी एकेक ठिकाणं फुटली. फर्निचर रस्त्यावर आणून त्याची होळी झाली.

राणी २३ वर्षांची. तिने आधी बोलावलं जनरल फेर्नांदेस दे कोर्दोवाला, १८४९ मध्ये पोपच्या मदतीला गेलेल्या स्पॅनिश फौजेच्या सेनापतीला. त्याने मंत्रिमंडळ जमवायला घेतलं, पण सेनापतीच्या नावाचं सरकार अशा रात्री चालणार नाही हे त्याच्याही ध्यानात आलं. पंतप्रधानपद त्याने रिवासकडे दिलं आणि युद्धखातं स्वतःकडे ठेवलं.

माझ्या मते या प्रकरणाची गुरुकिल्ली या वाटणीत आहे. कागदावर मंत्रिमंडळ चांगलं होतं. गृहखातं रिओस रोसासकडे, तो सार्तोरियुसचा कडवा टीकाकार. गोमेस दे ला सेर्ना, कान्तेरो आणि रोदा हे तिघे पुरोगामी गटातले. चार दिवस आधी हेच सरकार आलं असतं, तर ओदोनेललाही बोलणी करावी लागली असती. पण १८ तारखेच्या सकाळी रस्त्यावरच्या माणसाला मंत्र्यांची यादी दिसत नव्हती, कर्नल गांदाराचे शिपाई दिसत होते. मारिया क्रिस्तिनाच्या वाड्याजवळ आणि आसपासच्या गल्ल्यांत गोळीबार झाला, माणसं पडली. त्यानंतर फरसबंदीचे दगड उखडले गेले, गाड्या आडव्या घातल्या, आणि बघता बघता शहरभर बॅरिकेड उभे राहिले. दक्षिणेकडच्या वस्त्यांत पुचेता नावाचा बैलझुंजीवाला पुढारी झाला. दोन दिवस चकमकी चालू राहिल्या.

बंदुका कोर्दोवाच्या हाती आणि पाटी रिवासच्या नावाची. गोळी झाडायचा पहिला हुकूम रिवासने दिला नव्हता. खुर्चीवर बसला तेव्हा रात्रीच ठिणगी पडून गेली होती. पण ती थांबवण्याचं काम पंतप्रधानाचं होतं, आणि त्यासाठी लागणारा युद्धखात्यावरचा ताबा त्याने मागून घेतला नाही. यातून त्याला अजिबात निर्दोष सोडता येत नाही. आपलं नाव पुरेसं आहे, असं त्याने मानलं. ते नाव ज्यांना ठाऊक होतं ती मंडळी सिनेटमध्ये आणि नाट्यगृहाच्या पहिल्या रांगांत बसणारी होती, बॅरिकेडवर नव्हती.

दुसरा म्हातारा

१९ जुलैला सेवियानो या सावकाराच्या घरी काही पुढारी जमले आणि त्यांनी शहराच्या बचावासाठी समिती बनवली. अध्यक्ष म्हणून बोलावलं सत्तरीला टेकलेल्या एवारिस्तो सान मिगेलला. दोन दिवसांपूर्वी आखाड्यात ज्याचे शब्द लोकांनी मागून घेतले होते, तोच. त्याच्याकडे सरकारी पद नव्हतं, शिपाई नव्हते. पण बॅरिकेडवाला त्याचं ऐकत होता, आणि राजवाड्याला तो खपत होता, कारण राणीला घालवा असं तो म्हणत नव्हता.

दोघांच्या कुंडल्या जवळजवळ सारख्या : नेपोलियनविरुद्धची लढाई, १८२०ची घटनात्मक राजवट, १८२३ नंतरचा वनवास, मग मंत्रिपद. सान मिगेलनेही इतिहास लिहिला होता, फिलिप दुसऱ्यावरचा जाडजूड ग्रंथ. फरक पडला तो १८३४ नंतर. रिवासने ड्यूकपद, वकिलाती, मवाळ पक्ष हा रस्ता धरला. सान मिगेल पुरोगामी पक्षात राहिला, बऱ्याचदा सत्तेबाहेर. त्यामुळे संकटाच्या दिवशी एकाची पत राजवाड्यात होती आणि दुसऱ्याची रस्त्यावर. आणि त्या दिवशी तुटवडा होता तो दुसऱ्या प्रकारच्या पतीचा.

राणीने पुरोगामी पक्षाचा पुढारी जनरल एस्पार्तेरो याला बोलावणं धाडलं. रिवासचं सरकार तिथेच संपलं. २० तारखेला सान मिगेलला राजधानीचं लष्करी प्रमुखपद आणि युद्धखातं मिळालं. एस्पार्तेरो २८ जुलैला माद्रिदमध्ये शिरेपर्यंत, म्हणजे आठवडाभर, सरकार म्हणून जे काही होतं ते हा एकटा म्हातारा होता. त्यालाही सगळं आवरलं नाही : २३ तारखेला जमावाने पोलिसप्रमुख चिको याला आजारी अवस्थेत घरातून काढून गोळ्या घातल्या. तरी सैन्य आणि बॅरिकेड यांच्यातली लढाई थांबली होती. २६ जुलैला राणीने जाहीरनाम्यात 'खेदजनक चुकांच्या मालिके'ची कबुली दिली. मारिया क्रिस्तिनाला ऑगस्टअखेर देश सोडावा लागला.

हे सगळं न्यूयॉर्क डेली ट्रिब्यूनच्या वाचकांना समजावून सांगत होता कार्ल मार्क्स. भारतातल्या ब्रिटिश राजवटीवरचे त्याचे लेख आदल्याच वर्षी त्याच पत्रात आले होते. १८५४ मध्ये तो स्पेनचा क्रांतिकारी इतिहास १८०८ पासून उलगडत बसला होता. त्या इतिहासातली बरीच पानं रिवास आणि सान मिगेल यांनी अंगावर झेललेली.

गोळीबारच कारण होता का?

सरकार पडलं ते रक्त सांडल्यामुळे, असं सर्रास म्हटलं जातं. दोन वर्षांनी घडलेली गोष्ट शेजारी ठेवली की हे उत्तर अपुरं ठरतं. जुलै १८५६ मध्ये एस्पार्तेरो बाजूला झाला आणि ओदोनेल पंतप्रधान बनला. विरोध करणाऱ्या संसदेवर आणि नागरी सेनेवर त्याने माद्रिदमध्ये थेट तोफा डागल्या. पुचेता त्यातच मारला गेला. मान्सानारेसच्या जाहीरनाम्यात जी नागरी सेना मागितली होती, ती त्याच माणसाने मोडून काढली. त्याचं सरकार त्या गोळीबाराने पडलं नाही. ऑक्टोबरात राणीची मर्जी फिरली तेव्हा ते गेलं, आणि १८५८ मध्ये तो परत येऊन जवळजवळ पाच वर्षं राहिला.

१८५६ मध्ये ओदोनेलच्या मागे एकसंध सैन्य होतं. १८५४ मध्ये सैन्य दुभंगलेलं होतं, अर्धं बंडात आणि अर्धं बंडखोरांच्या पाठलागावर. प्रांत हातातून गेले होते. अशा वेळी रिवासपुढे मार्ग एकच होता : गोळीबार ताबडतोब बंद करून सान मिगेलसारख्या माणसाकडे स्वतःहून जाणं. त्याने ते का केलं नाही, याचं माझं उत्तर १८३६ मध्ये आहे. केसादाचं जे झालं ते पाहिलेल्या मंत्र्याला गर्दीशी बोलणं म्हणजे मरण वाटत असणार. हा माझा अंदाज आहे, पण त्याच्या आयुष्याच्या क्रमाशी तो जुळतो.

रिवासचं व्यक्तिशः फारसं काही बिघडलं नाही. १८५७ मध्ये तो राजदूत म्हणून पॅरिसला गेला. १८६२ मध्ये स्पॅनिश भाषा अकादमीचा प्रमुख झाला. त्याच वर्षी त्याच्या 'डॉन आल्वारो'वर बेतलेला इटालियन संगीतकार वेर्दीचा ऑपेरा सेंट पीटर्सबर्गला पहिल्यांदा झाला, आणि फेब्रुवारी १८६३ मध्ये माद्रिदच्या प्रयोगाला वेर्दी जातीने हजर होता. सान मिगेल १८६२ मध्ये गेला, सरकारने दिलेलं ड्यूकपद घेऊन. रिवास २२ जून १८६५ रोजी माद्रिदला वारला. तीन वर्षांनी, सप्टेंबर १८६८ मध्ये, इसाबेल राणी सरहद्द ओलांडून फ्रान्सला गेली.